‘तंबाखू खाता का?’ हा प्रश्नच चुकीचा होता

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे

मागच्या अंकात मी कमी वजनाच्या बाळांविषयी लिहिलं होतं. त्यात ‘गरोदरपणात तंबाखू कुठल्याही रूपात नको’ असं एक वाक्य होतं. त्या वाक्यावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. त्यांतली चार इथे घेतली आहेत. नाव छापू नका असं बहुतेकींनी लिहिलं आहे, म्हणून गावाखेरीज काही छापलेलं नाही.

प्रश्न : मी २९ वर्षांची, आयटीत नोकरी करते. सध्या अकरावा आठवडा चालू आहे. कॉलेजपासून सिगारेट ओढते, दिवसाला आठ-दहा. दिवस राहिलेत हे कळलं तेव्हा सातवा आठवडा संपत आला होता. आता तीनवर आणल्या आहेत. नवऱ्याला माहीत आहे, सासरी-माहेरी कुणालाच नाही. पहिल्या डॉक्टरांना खरं सांगितलं, तर त्या बाहेर बसलेल्या बायकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, ‘मग मूल कशाला हवं होतं?’ मी डॉक्टर बदलले आणि नव्या ठिकाणी ‘नाही’ असं सांगितलं. बाळाचं व्हायचं ते नुकसान होऊन गेलं असेल का? गर्भपात करावा का? मैत्रीण म्हणते, एकदम सोडलंस तर बाळाला झटका बसेल, त्यापेक्षा व्हेप कर. रात्र रात्र झोप लागत नाही. – पुणे

उत्तर : तुझ्या वयाची माझी लेक आहे, म्हणून तुला ‘तू’च म्हणते.

सगळ्यांत जड प्रश्न आधी घेऊ. गर्भपाताचा विचार मनातून काढून टाक. सिगारेट ओढली एवढ्या कारणासाठी गर्भपात करा, असा सल्ला कुठलाही शहाणा प्रसूतितज्ज्ञ देणार नाही. उलट तू आत्ता ज्या आठवड्यात आहेस, तो सोडण्यासाठी फार मोलाचा आहे. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात सुमारे अडीच हजार पहिलटकरणींचा अभ्यास झाला, तो २००९ साली प्रसिद्ध झाला. कधीच न ओढणाऱ्या, पंधराव्या आठवड्याच्या आत सोडलेल्या आणि पुढेही ओढत राहिलेल्या, असे तीन गट त्यात होते. ओढत राहिलेल्यांमध्ये शंभरातल्या दहा जणींना आपोआप कळा लागून बाळंतपण दिवसांआधी झालं. कधीच न ओढणाऱ्यांमध्ये हा आकडा चार होता. वेळेत सोडलेल्यांमध्येही चारच. बाळ दिवसांच्या मानाने लहान भरण्याचंही तसंच होतं : ओढत राहिलेल्यांत सतरा, बाकी दोन्ही गटांत दहा. पंधरावा आठवडा लागायला तुझ्याकडे चार आठवडे आहेत. हे आकडे मी मुद्दाम सांगते आहे, कारण नुसत्या ‘काळजी करू नकोस’ने तुला झोप लागणार नाही.

आता आत काय होतं ते समजून घे. बाळ पोटात स्वतः श्वास घेत नाही. तुझं रक्त वारेपर्यंत, म्हणजे प्लॅसेंटापर्यंत जातं आणि तिथून बाळाला प्राणवायू मिळतो. सिगारेटच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. बाळाच्या हिमोग्लोबिनची घडण निराळी असते, ते हा वायू आणखीच धरून ठेवतं. म्हणजे तुझ्या रक्तात जेवढा असेल त्याहून थोडा जास्तच बाळाच्या रक्तात साठतो. दुसरीकडे निकोटीनमुळे वारेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात. रक्त कमी आणि त्या रक्तात प्राणवायूही कमी, अशी दोन्हीकडून ओढाताण होते. म्हणून सतत ओढणाऱ्या आईचं बाळ सरासरी २०० ग्रॅमच्या आसपास हलकं भरतं. वार वेळेआधी सुटणं, वार गर्भपिशवीच्या तोंडाशी असणं, बाळ पोटातच दगावणं, याचे धोके वाढतात. फुप्फुसांची वाढही कमी होते. अशी मुलं पुढे वारंवार छातीत घरघर घेऊन दवाखान्यात येतात, आणि ती घरघर मी पुष्कळ ऐकली आहे.

पण हा कार्बन मोनॉक्साइड शेवटच्या सिगारेटनंतर एक-दोन दिवसांत रक्तातून निघून जातो. आज रात्री थांबलीस तर परवापासून बाळाला पुरता प्राणवायू मिळू लागेल. एकदम सोडल्याने बाळाला कसलाही झटका बसत नाही. त्रास होतो तो तुला : चिडचिड, डोकं जड, झोप उडणं, हात शिवशिवणं. पहिले तीन-चार दिवस सर्वांत अवघड जातात, मग हळूहळू उतार पडतो.

तीनवर आणल्यास हे थोडं नाही. पण तीनवर थांबू नकोस. सिगारेटी कमी केल्या की माणूस नकळत प्रत्येक झुरका खोल ओढतो आणि थोटकापर्यंत ओढतो. त्यामुळे धूर वाटतो तितका कमी होत नाही. राहिलेल्या तीन कुठल्या, ते मात्र मला कळवायला हवं होतंस. माझा अंदाज असा की एक सकाळी उठल्यावरची, एक ऑफिसखालच्या टपरीवर चहाबरोबरची आणि एक रात्री जेवणानंतरची. टपरीची सोडणं सगळ्यांत कठीण, कारण तिथे सिगारेटपेक्षा सोबत सुटते. त्या घोळक्यातल्या एकीला तरी खरं सांग आणि चहा वरच्या मजल्यावर मागवा. तलफ आली की ती तीन ते पाच मिनिटं जोरात असते आणि मग ओसरते. तेवढा वेळ निभावायचा : जिना उतर, गार पाणी घोटघोट पी, नवऱ्याला फोन लाव. केंद्र सरकारची तंबाखू सोडण्यासाठीची मोफत हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६. पलीकडचं माणूस नाव विचारून लाजवत नाही, सोडण्याचा दिवस ठरवायला आणि तो पाळायला मदत करतं. निकोटीनचं च्युइंगम किंवा पट्टी आपल्या मनाने सुरू करू नकोस. नुसत्या समुपदेशनाने जमलंच नाही, तर त्याचा विचार तुझ्या डॉक्टरांनी करायचा आहे.

व्हेप अजिबात नको. त्यातही निकोटीन असतं आणि बाळाच्या मेंदूला नि फुप्फुसांना निकोटीनच बाधतं. शिवाय आपल्या देशात २०१९ पासून ई-सिगारेटची विक्री बंद आहे, त्यामुळे चोरून मिळणाऱ्या त्या नळीत नेमकं काय भरलंय हे सांगणारं कुणी नाही. हुक्क्याचंही नाव काढू नकोस. त्याच्या कोळशाच्या धुरातून कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा जास्त येतो.

आई ओढत असेल तर बाळाचा ओठ किंवा टाळू दुभंगण्याची शक्यता थोडी वाढते. थोडी म्हणजे थोडीच, बहुतेक बाळं यातून सुखरूप असतात. अठरा ते वीस आठवड्यांच्या दरम्यान जी सविस्तर सोनोग्राफी होते, तिच्यात ओठ नीट पाहायला सांग. आणि ते सांगायचं तर नव्या डॉक्टरांना खरं सांगावं लागेल. एकटी जा. आत गेल्यावर दार लावून घ्यायला सांग आणि बोल. पहिल्या बाईंचं वागणं चुकलं, मी त्यांच्याच व्यवसायातली आहे म्हणून हे मीच म्हणायला हवं. खरं बोलणाऱ्या बाईला खाली मान घालायला लावली की ती पुढच्या वेळी खोटं बोलते, आणि त्या खोट्याची किंमत बाळ मोजतं.

प्रश्न : हे पत्र माझी नात लिहून देते. ती नववीत आहे. माझ्या सुनेला सातवा चालू आहे. ती मशेरी लावते. मी पण लावते, माझी आई लावायची. माझी पाच बाळंतपणं मशेरी लावूनच झाली. एक आठव्या महिन्यात पोटातच गेलं, ते देवाचं. बाकीची चार दगडासारखी आहेत. आता मुलगा पुण्याहून येतो नि बायकोला म्हणतो मशेरी टाकून दे. ती टाकते, तर दोन दोन दिवस तिला परसाकडला होत नाही, डोकं धरून बसते. मशेरी म्हणजे काय दारू नाही, बिडी नाही. दात घासायची वस्तू. आमच्या वेळी कुणी कधी नाही म्हटलं नव्हतं. यात बाळाला काय होणार? – कराड तालुका

उत्तर : ताई, तुमचं पत्र आणि तुमच्या नातीचं अक्षर, दोन्ही आवडलं. या उत्तराला मी जास्त जागा देते आहे, कारण आपल्या महाराष्ट्रात सिगारेट ओढणाऱ्या गरोदर बायका थोड्या आणि मशेरी लावणाऱ्या कितीतरी जास्त. शहरातले लेख सिगारेटवर लिहिले जातात आणि गावातल्या बाईला वाटतं, हे आपल्यासाठी नाही.

आधी माझी चूक सांगते. १९८९ चा पावसाळा. मी तुमच्याच जिल्ह्यात, कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी नवी होते. एक बाई आठव्या महिन्यात कळा घेऊन आली. बाळ १६०० ग्रॅमचं. बाई धडधाकट, रक्त बरं, ताप नाही, रक्तदाब नाही. कारण सापडेना. तिच्या कागदावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं : तंबाखू – नाही. तीन महिने ती माझ्याकडे तपासायला येत होती आणि दर खेपेला मी विचारलं होतं, ‘तंबाखू खाता का?’ ती म्हणायची, ‘नाही बाई.’ बाळंतपणानंतर तिसऱ्या दिवशी तिच्या उशाखालून पत्र्याची डबी खाली पडली, काळी पूड फरशीवर सांडली. मी विचारलं, ‘हे काय?’ ती म्हणाली, ‘मशेरी.’ ‘मग तंबाखू खात नाही असं का सांगितलंस?’ तिने माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला काही कळतच नाही. म्हणाली, ‘खात कुठं, मशेरी लावायची असते.’

ती खोटं बोलली नव्हती, माझाच प्रश्न चुकला होता. ते बाळ अकरा दिवस जगलं. मशेरीमुळेच गेलं असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही, बाळ लवकर येण्याची कारणं अनेक असतात. पण तीन महिने माझ्या हातात होते आणि मी नीट विचारलंच नाही, हे माझ्या मनातून गेलेलं नाही. तेव्हापासून मी ‘तंबाखू खाता का’ असं विचारत नाही. मी विचारते, ‘मशेरी लावता का? दिवसातनं किती वेळा? घरात भाजता की पुडी आणता?’ मग खरं कळतं.

आता तुमचा प्रश्न. मशेरी ही तंबाखूच आहे. तुम्हीच तव्यावर तंबाखूची पानं काळी होईस्तोवर भाजता, चुरता. भाजताना घरभर ठसका लागतो की नाही? तो तंबाखूचाच. भाजल्याने निकोटीन पळून जात नाही. पूड हिरड्यांवर घासून दहा-पंधरा मिनिटं उंबऱ्यावर बसलं की हिरड्यांच्या पातळ कातडीतून ते थेट रक्तात उतरतं. दात घासण्याला एवढा वेळ लागत नाही, ताई, आणि दात घासायचे म्हणून कुणी दुपारच्या जेवणावर नि रात्री निजताना पुन्हा डबी उघडत नाही. तल्लफ असते ती.

याचा बाळावर काय परिणाम होतो, ते मुंबईतच तपासलं गेलं आहे. १२१७ गरोदर बायकांची नोंद ठेवून डॉ. प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. मशेरीसारखी न ओढायची तंबाखू वापरणाऱ्या बायकांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनी हलकी भरली आणि सरासरी सहा दिवस आधी जन्मली. तुम्ही म्हणाल, शंभर ग्रॅम म्हणजे काय, मूठभर साखर. तीन किलोच्या बाळाला खरंच काही वाटणार नाही. पण ही सरासरी आहे. कुणाला काहीच होत नाही आणि कुणाचं बाळ दीड महिना आधी येतं. फार लवकर, म्हणजे बत्तिसाव्या आठवड्याच्याही आत येणाऱ्या बाळांचं प्रमाण या बायकांमध्ये कित्येक पटींनी जास्त निघालं. दोन किलोच्या बाळाला शंभर ग्रॅम म्हणजे अंगावर चढायची चरबी असते, थंडीत जगवणारी. अडीच किलोच्या खालच्या बाळाला आम्ही कमी वजनाचं म्हणतो, आणि आपल्याकडच्या कितीतरी बायका आधीच अशक्त असल्याने त्यांची बाळं त्या रेषेच्या आसपासच असतात. तिथून शंभर ग्रॅम कमी झाले की बाळ रेषेखाली जातं.

तुमची चार दगडासारखी आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. ती तशीच राहोत. पण ती घरी झाली ना? त्यांचं वजन कुणी केलं होतं? ती आणखी किती गुटगुटीत झाली असती, हे ना तुम्हाला ठाऊक ना मला.

तुमच्या पाचव्याबद्दल लिहिताना माझा हात अडतो आहे. मुंबईतल्या त्याच गटाच्या नोंदींवरून २००६ साली आणखी एक गोष्ट पुढे आली : अशी तंबाखू वापरणाऱ्या बायकांमध्ये मूल मृत जन्मण्याचा धोका अडीच पटींहून जास्त होता. याचा अर्थ तुमचं बाळ मशेरीने गेलं असा होत नाही. ते कशाने गेलं हे आज कुणीही सांगू शकत नाही, आणि तुम्ही स्वतःला बोल लावून घेऊ नका. तुम्हाला त्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं हे तुम्ही खरंच लिहिलंत. सिगारेट ओढणाऱ्या आयांना दिवसांआधी बाळं होतात, हे १९५७ मध्ये कॅलिफोर्नियात डॉ. विनिया सिम्पसन यांनी साडेसात हजार बाळंतपणांच्या नोंदी तपासून दाखवलं. तेव्हासुद्धा डॉक्टरांना ते पटायला वर्षं लागली. मशेरीची नोंद घ्यायला तर कुणाला फुरसतच नव्हती, कारण ती गरीब बायकांच्या डबीत होती. हे तुम्हाला सांगायचं काम आमचं होतं, आणि ते आम्ही उशिरा केलं.

सातव्यात सोडून काय उपयोग, असं सून म्हणेल. पुष्कळ उपयोग. शेवटच्या दोन महिन्यांत बाळ आठवड्याला साधारण २०० ग्रॅमनी वाढतं. बाळाचं अंग भरतं ते आत्ताच.

तिला परसाकडला होत नाही हे खोटं नाही. निकोटीनने आतडी हलतात. वर्षानुवर्षं त्याची सवय झाली की ती आपोआप हलायची विसरतात. त्यात गरोदरपणात पोट जड असतंच आणि लोहाच्या गोळ्यांनी ते आणखी घट्ट होतं. गोळ्या मात्र बंद करू द्यायच्या नाहीत. सकाळी उठल्याबरोबर दोन पेले कोमट पाणी, रात्री भिजवलेले अंजीर किंवा काळ्या मनुका, जेवणात पालेभाजी आणि कोंड्यासकट भाकरी, निजताना पाण्यातून इसबगोल, आणि रोज सकाळी एकाच वेळी बसायचं, होवो न होवो. आठवडा-दहा दिवसांत पोट मार्गी लागतं. नाहीच लागलं तर आरोग्य केंद्रात सांगावं, गरोदर बाईला चालेल असं औषध मिळतं. डोकेदुखी चार दिवसांत उतरते. तोंडात काहीतरी हवं असेल तर भाजलेली बडीशेप, ओवा, लवंग चालेल. सुपारी नको, ती बाळाला चांगली नाही आणि तिचीही सवय लागते.

आणि आता तुमचं काम. घरात भाजणं बंद करा. डबी तुमच्या कमरेला असेल तर सुनेची सुटणार नाही, कारण वासानेच तल्लफ येते. मुलगा पुण्याहून येऊन ‘टाकून दे’ म्हणतो, ते सोपं आहे, त्याला परसाकडची अडचण नाही. तुम्ही दोघींनी मिळून सोडा. पहिला आठवडा तुमचंही डोकं दुखेल, तिचं तिला नि तुमचं तुम्हाला कळेल. बाळ झाल्यावर दात येताना किंवा रडतंय म्हणून त्याच्या हिरड्यांना मशेरी लावायची रीत काही घरांत आहे. ते कधीही करू नका. एवढ्याशा जिवाला चिमूटभर निकोटीनही उलट्या आणि झटके आणतं. अशी बाळं मी पाहिली आहेत.

तुमच्या नातीला सांगा, हे पत्र तिने मोठ्यानं वाचून दाखवावं, आणि स्वतः सकाळी ब्रश करावा.

प्रश्न : पत्नीला पाचवा महिना. ती कसलंही व्यसन करत नाही. मी दिवसाला पाच-सहा सिगारेट ओढतो, पण कायम बाल्कनीत, दार लावून. मग घरात भांडण कशासाठी? – नाशिक

उत्तर : दार उघडून तुम्ही आत येताच ना. धुराचे कण कपड्यांवर, केसांत, श्वासात असतात आणि फटीतून धूर येतो तो वेगळाच. दुसऱ्याच्या धुरानेही बाळाचं वजन काहीसं कमी भरतं. स्कॉटलंडमध्ये २००६ च्या मार्चपासून बंदिस्त सार्वजनिक जागांत धूम्रपान बंद झालं. त्यानंतर तिथे दिवसांआधी जन्मणाऱ्या बाळांचं प्रमाण दहा टक्क्यांहून जास्त घटलं, आणि ही घट न ओढणाऱ्या आयांमध्येही दिसली. आपल्याकडे २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी ओढायला बंदी आहे. म्हणजे एसटीतल्या अनोळखी बाईला कायद्याचं संरक्षण आहे आणि तुमच्या बायकोला घरात फक्त तुमचं आहे.

बाळ आल्यावर तर ही गोष्ट आणखी गंभीर होते. झोपेतच तान्हं बाळ अचानक दगावण्याचा जो प्रकार आहे, त्यात घरातला धूर हे एक मोठं, पण टाळता येण्यासारखं कारण आहे. आपण बाळाला कुशीत घेऊन झोपतो. आई किंवा बाप ओढणारा असेल तर एकाच गादीवर निजू नये. बाळ त्याच खोलीत, पण वेगळ्या अंथरुणावर, नेहमी पाठीवर झोपवावं. तुम्हाला लेकराला छातीशी घेऊन झोपायचं असेल तर अजून चार महिने आहेत. गरोदर बायकोबरोबर नवऱ्यानेही सोडल्याची जोडपी मी पाहिली आहेत. तिला डोहाळे लागलेले असताना तुमची चिडचिड सांभाळायला लागेल, ती ती सांभाळेल. वरच्या उत्तरातला हेल्पलाइनचा नंबर तुमच्यासाठीही आहे.

प्रश्न : मी विड्या वळते. दिवसाला आठशे-नऊशे होतात. सहावा महिना आहे. मी ओढत नाही, खात नाही, मशेरीही लावत नाही. पण दिवसभर मांडीवर तंबाखूचं सूप असतं. त्याचं काही होतं का? काम सोडणं परवडणार नाही. मागच्या तपासणीत रक्त ८.२ निघालं. पहिलं मूल चार वर्षांचं आहे, ते माझ्या शेजारीच खेळतं. – सोलापूर

उत्तर : ताई, काम सोडा असं मी तुम्हाला म्हणणार नाही. घर कशावर चालतं हे तुम्हाला माहीत आहे.

तंबाखू न खाताही विडी वळणाऱ्यांच्या अंगात निकोटीन जातं. ओल्या हाताच्या कातडीतून, नाकातून जाणाऱ्या धुळीतून. त्यांच्या लघवीत त्याचे अवशेष सापडले आहेत. ते सिगारेट ओढण्याइतकं नसतं, पण पोटुशीला तेवढंही नको. म्हणून जमेल तेवढं अंतर ठेवा. सूप घेऊन दाराशी, वाऱ्याच्या तोंडी बसा, वारा तुमच्याकडून बाहेर जाईल असं. नाकावर सुती फडकं बांधा आणि ते रोज धुवा. कामाचं लुगडं वेगळं ठेवा, काम संपलं की बदला. दर वेळी जेवण्याआधी, पाणी पिण्याआधी आणि मुलाला भरवण्याआधी साबणाने कोपरापर्यंत हात धुवा. तंबाखू चाळायची, झटकायची असेल तर ते काम घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाला द्या. चार वर्षांचं लेकरू तंबाखूजवळ नको, ते जे दिसेल ते तोंडात घालतं. बाळ झाल्यावर झोळी त्याच खोलीत, सुपाच्या डोक्यावर बांधू नका. मांडी घालून सलग बसू नका, तासाभराने उठून घरातल्या घरात चाला, नाहीतर पायांना सूज चढेल. कारखान्याच्या कार्डावर तुमचं नाव असेल तर बाळंतपणात काय मिळू शकतं ते कामगार संघटनेच्या कार्यालयात आत्ताच विचारा, नवव्या महिन्यात नको.

पण तुमच्या पत्रातली मला सर्वांत जास्त टोचलेली गोष्ट तंबाखूची नाही. रक्त, म्हणजे हिमोग्लोबिन, ८.२ हे कमी आहे. सहाव्या महिन्यात ते अकराच्या वर हवं. तंबाखूमुळे बाळाच्या वाट्याचा प्राणवायू घटतो, आणि आईच्या अंगात रक्तच कमी असेल तर तो आणखी घटतो, म्हणून तुमच्या बाबतीत मी आधी रक्ताकडे पाहते. लोहाच्या गोळ्या रोज घेताय का? घेत असाल तर कशासोबत? चहासोबत घेतल्या तर त्यांचा फार थोडा अंश अंगी लागतो. चहा आणि गोळी यांत दोन तासांचं अंतर ठेवा, गोळीबरोबर लिंबाचं पाणी प्या. गोळ्यांनी रक्त वाढतच नसेल तर शिरेतून लोह देता येतं, त्याला आता फार वेळ काढू नये.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, त्या दिवशी प्रसूतितज्ज्ञ भेटतात. येत्या ९ तारखेला कार्ड घेऊन जा. जमलं तर त्याआधीच आशाताईंना घेऊन आरोग्य केंद्रात जा, रक्त पुन्हा तपासायला सांगा. आणि तिथे ‘तंबाखू खाता का’ असं विचारतील, तेव्हा नुसतं ‘नाही’ म्हणू नका. ‘खात नाही, पण दिवसाला नऊशे विड्या वळते,’ असं सांगा, आणि ते कागदावर लिहून घ्यायला लावा.